रक्त जाते कुठे?

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग सकाळपासूनच लागलेली असते. त्या रांगेत अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडची माणसे असतात, धाराशिव जिल्ह्यातली असतात आणि सीमेपलीकडच्या इंडी-आळंदची कन्नड बोलणारीही असतात. ‘पोराच्या अंगात रक्तच नाही’ ही त्या रांगेतली नेहमीची तक्रार आहे. डॉक्टर पापणीची आतली बाजू ओढून बघतात. ती पांढुरकी दिसते, हिमोग्लोबिन सहा-सातच्या घरात निघते आणि रक्तवाढीच्या गोळ्या, जंताची गोळी, ‘पालेभाजी, गूळ-शेंगदाणे द्या’ असा सल्ला मिळतो. शंभरातल्या बहुतेक मुलांना याचा गुण येतो, आणि या उपचारात चूक काहीच नाही.

हे प्रकरण मात्र उरलेल्या मोजक्या मुलांविषयी आहे. गोळ्या घेतल्या की त्यांचे हिमोग्लोबिन चढते आणि दोन महिन्यांत पुन्हा खाली येते. दर काही महिन्यांनी रक्ताची बाटली चढवावी लागते. घरात खाण्यापिण्याची आबाळ नसते, जंताचे औषध वेळच्या वेळी झालेले असते, तरी मूल फिकेच राहते. अशा वेळी ‘रक्त तयार का होत नाही?’ हा प्रश्न बाजूला ठेवून दुसराच विचारावा लागतो : तयार झालेले रक्त जाते कुठे?

हा प्रश्न वेळेवर विचारला जात नाही, याचे कारण आपल्या समाजाच्या प्रकृतीतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. जिथे दर तिघांतले दोघे फिके, तिथे तिसऱ्याच कारणाने फिके पडलेले मूल वेगळे दिसणार कसे? दुर्मीळ आजाराला लपायला याहून चांगली जागा नाही.

थोडा हिशेब मांडू. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. रोजच्या जेवणातून शरीर जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेते, आणि नेहमीची झीज भरून काढण्यातच ते संपते. आता आतड्यातून रोज फक्त दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, रक्त झिरपत असेल, तर पाच मिलिग्रॅम लोह वाहून जाते. जेवणातून ही तूट कधीच भरून निघत नाही. आणि दोन चमचे रक्त शौचात डोळ्यांना दिसतही नाही. शौच काळी दिसायला पोट किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून साधारण पन्नास ते शंभर मिलिलिटर रक्त जावे लागते. म्हणजे वर्षानुवर्षे रक्त जात राहील आणि घरातल्या कुणाला एक थेंबही दिसणार नाही.

त्यात एक खोडा असा की लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते. ‘काळी होते’ असे आईने सांगितले की ‘गोळ्यांमुळे होतेय’ असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. फरक ओळखता येतो. रक्तामुळे काळी झालेली शौच डांबरासारखी चिकट असते, भांड्याला धरून राहते आणि तिला उग्र दुर्गंधी येते. गोळ्यांमुळे काळी झालेली शौच घट्ट असते आणि हिरवट छटेवर जाते. तरीही खात्री करायची तर शौचातील सुप्त रक्ताची तपासणी करावी. ही तपासणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कागदांमध्ये तिचा अहवाल असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रक्त आतड्यातून जाते आहे एवढे नक्की झाले, तरी कारणे बरीच असतात. आकडेवाले जंत, आतड्याचा क्षयरोग, पॉलिप, जन्मतः राहून गेलेली आतड्याची पिशवी, यांचा विचार आधी होतो आणि तसाच तो व्हायला हवा. ही सगळी कारणे एकेक करून बाद झाल्यावर नजर रक्तवाहिन्यांच्याच दोषाकडे वळते. त्यातला एक अतिशय दुर्मीळ दोष मी मुद्दाम निवडला आहे. त्याचे नाव लांबलचक आहे : ब्लू रबर ब्लेब नीव्हस सिंड्रोम. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले त्याचे रुग्ण काही शेकड्यांतच मोजता येतील. मग त्यावर एवढी पाने का खर्च करायची? कारण या आजारात आतड्याच्या काळोखात जे घडते, त्याची खूण कातडीवर उमटलेली असते. बघणाऱ्याला ती दिसते, फक्त बघावे लागते.

ती खूण अशी. तळपायावर, पाठीवर, दंडावर किंवा जिभेवर निळसर-जांभळा, मऊ फुगवटा असतो. कधी तो मुगाएवढा असतो, कधी लिंबाएवढा. बोटाने दाबला की त्यातले रक्त मागे सरते आणि सुरकुतलेली रिकामी पिशवी हाताला लागते. बोट काढले की ती हळूहळू पुन्हा भरते. असे फुगवटे एखाद-दोनही असतात, शेकड्यांनीही असतात. वयाबरोबर त्यांचा आकार वाढतो आणि नवेही येतात. कातडीवरचे फुगवटे सहसा फुटत नाहीत, म्हणून ‘जन्मखूण आहे’ म्हणून घरचे सोडून देतात. पण तसेच फुगवटे अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत कुठेही असू शकतात आणि सर्वांत जास्त ते लहान आतड्यात असतात. तिथे त्यांच्यावर कातडीचे जाड आवरण नसते, फक्त नाजूक अस्तर असते. पुढे सरकणाऱ्या अन्नाच्या घर्षणाने ते खरचटते आणि रक्त झिरपू लागते. एखादा फुगवटा मोठा असेल, तर आतड्याच्या लाटेबरोबर तो पुढे ओढला जातो आणि मागचे आतडे पुढच्या आतड्यात शिरून अडकते. ती मात्र तातडीची वेळ असते.

कातडीवरचे असे फुगवटे आणि आतड्यातला रक्तस्राव यांची सांगड १८६० साली लंडनच्या गॅस्कोयेन यांनी प्रथम नोंदवली. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम बीन यांनी १९५८ साली कातडीवरच्या रक्तवाहिन्यांवर अख्खे पुस्तक लिहिले. हाताला रबरी बुचासारखा लागणारा निळा फुगवटा म्हणून त्यांनी या आजाराला हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. योगायोग असा की त्याच वर्षी एडवर्ड हाइड या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहून कळवले की, हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झालेल्या वृद्धांना आतड्यातून रक्त जाताना दिसते. पुढे कळले ते असे : अरुंद झडपेतून जोराने जाताना रक्त गोठवणारे एक प्रथिन तुटते आणि आतड्यातल्या विस्तारलेल्या बारीक वाहिन्या वाहू लागतात. झडप बदलली की बहुतेकांत आतड्यातले रक्त थांबते. वृद्धांमध्ये हे लक्षात ठेवायलाच हवे, पण आपल्याला परत मुलाकडे यायचे आहे.

फुगवटे आतड्यात आहेत हे ओळखणे एक, आणि ते नेमके कुठे किती आहेत हे शोधणे दुसरे. तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते. गुदद्वारातून घातलेली मोठे आतडे संपवून लहान आतड्याच्या अखेरच्या काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. मधला कित्येक मीटरांचा टापू विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जवळजवळ अदृश्यच होता. २००१ च्या सुमारास दोन साधने आली. गाव्रिएल इद्दान या इस्रायली अभियंत्याच्या कल्पनेतून गिळायचा कॅमेरा आला. ११ मिलिमीटर जाड आणि २६ मिलिमीटर लांब अशी ही कॅप्सूल सेकंदाला दोन या वेगाने सुमारे आठ तास छायाचित्रे पाठवत राहते. जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांची दुर्बीण आणली. फुगे आळीपाळीने फुगवत ती आतडे स्वतःवर गोळा करत आत सरकते. कॅप्सूल फक्त बघते. दुर्बीण बघता बघता फुगवट्याला रबरी कडे घालू शकते, औषध टोचू शकते. सोलापुरातल्या कुटुंबाला या तपासण्यांसाठी पुष्कळदा अडीचशे किलोमीटरवरचे पुणे किंवा तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद गाठावे लागते. बापाच्या पंधरा दिवसांच्या मजुरीचा प्रश्न तिथे उभा राहतो. नेमक्या याच टप्प्यावर अनेक कागद कपाटात जातात आणि पुन्हा रक्ताची बाटली सुरू होते, हे मला फार लागते.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. बराच काळ शल्यचिकित्सकांचा कल हात न लावण्याकडे होता. फुगवटे असंख्य असतात, काढले तरी नवे येणार, मग पोट उघडायचे कशासाठी, असा तो विचार. फार तर जास्त वाहणारा आतड्याचा तुकडा कापून टाकायचे आणि पुढे लोह व रक्त देत राहायचे. बॉस्टनच्या बालरुग्णालयातले स्टीव्हन फिशमन आणि त्यांचे सहकारी यांनी हा विचार उलटा केला. जठरापासून गुदाशयापर्यंत जेवढे फुगवटे आहेत तेवढे सगळे एकेक करून काढायचे, असे त्यांनी ठरवले. २००५ साली त्यांनी दहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. एका रुग्णामागे सरासरी १३७ फुगवटे काढले होते. एकाच्या पोटातून एकाच शस्त्रक्रियेत ५५७ निघाले. एका शस्त्रक्रियेला सरासरी चौदा तास लागले. सरासरी पाच वर्षे पाठपुरावा केल्यावर दहांपैकी एकाच रुग्णाला पुन्हा रक्तस्राव झाल्याचे दिसले. ज्या मुलांचे आयुष्य रक्ताच्या बाटल्यांवर चालले होते, त्यांच्यासाठी हा आकडा केवढा मोठा आहे!

हे चौदा तास नेमके कसे जातात ते जवळून बघण्यासारखे आहे. पोट उभे उघडून लहान आतडे बाहेर घेतले जाते. आतड्याला छोटा छेद देऊन त्यातून दुर्बीण आत सोडतात. सहकारी डॉक्टर आतडे दुर्बिणीवर अलगद चुणीचुणीने सरकवत जातो. मग ऑपरेशन थिएटरचे मोठे दिवे मंद करतात. आता उजेड फक्त आतड्याच्या आतून येतो आणि भिंत गुलाबी, अर्धपारदर्शक दिसू लागते. सोलापूरच्या गिरणीत विणलेले कापड उजेडासमोर ताणून धरून जाणकार नजर त्यातला एकेक दोष हेरत जात असे, तसा इथे आतड्याचा वीत-वीत भाग उजेडावर पारखला जातो. फुगवटा आला की निळा-काळा ठिपका उमटतो. एक डॉक्टर तो आतून दुर्बिणीत बघतो, दुसरा बाहेरून, आणि त्या जागी खुणेचा टाका घातला जातो. तपासणी दुर्बीण आत जातानाच करायची असते, बाहेर येताना नाही. दुर्बीण घासल्याने अस्तरावर लाल डाग उठतात आणि परतीच्या वाटेवर तेच रोगाचे डाग वाटू लागतात. इतकी साधी गोष्ट विसरली, तर निरोगी आतड्यावर सुरी चालू शकते.

खुणा झाल्या की काढायचे काम सुरू होते. फुगवटा लहान असेल तर बाहेरून बोटाने भिंत आत ढकलून तो छेदाच्या तोंडाशी आणतात, बुडाशी बांधतात आणि कापतात. मोठा असेल तर भिंतीचा पाचरीसारखा तुकडा काढतात. रक्तपुरवठा आणणारा पडदा आतड्याच्या एका कडेला चिकटलेला असतो. म्हणून छेद शक्यतो त्याच्या विरुद्ध कडेला घेतात. मग जखम लांबीत न शिवता आडवी शिवतात, कारण लांबीत शिवली तर आतडे त्या जागी अरुंद होऊन अन्न अडकू लागेल. आपोआप विरघळणाऱ्या बारीक दोऱ्याचे हे टाके शंभराहून अधिक ठिकाणी घालायचे असतात, आणि त्यातला एकही गळून चालत नाही.

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा फुगवटे असलेला आतड्याचा पट्टाच कापून टाकला तर? रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न विचारतात आणि तो रास्तही आहे. फुगवटे एकाच छोट्या भागात दाटलेले असतील तर तसेच करतात. पण ते सहसा आतडेभर विखुरलेले असतात. मोठ्या माणसाचे लहान आतडे दोन मीटरपेक्षा कमी उरले की अन्नातले पोषण पुरेसे शोषले जात नाही आणि शिरेतून अन्न देण्याची वेळ येऊ शकते. त्यातही लहान आतड्याचा शेवटचा भाग फार मोलाचा असतो. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व आणि पित्तातले क्षार तिथेच शोषले जातात. वाढत्या मुलाचे आतडे वाचवण्यासाठी तास खर्ची घातले, तर ते वाया जात नाहीत.

भूलतज्ज्ञाची कसोटी वेगळीच असते. फुगवटा जिभेवर किंवा घशात असेल, तर श्वासनळीत नळी घालतानाच तो फुटण्याचा धोका असतो. चौदा तास उघड्या राहिलेल्या पोटातून शरीराची ऊब निघून जाते. गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, म्हणून सलाईन कोमट करून देतात, आतडी कोमट ओल्या कापडात गुंडाळून ठेवतात. शिवाय फुगवट्यांमध्ये साचलेल्या रक्तात आतल्या आत गुठळ्या होत राहतात. रक्त गोठवणारे घटक त्यातच संपतात आणि नेमके शस्त्रक्रियेच्या वेळी कमी पडतात. म्हणून फायब्रिनोजेन आणि डी-डायमर या तपासण्या आधीच करून घ्याव्या लागतात.

शस्त्रक्रियेच्या जोडीला आता एक औषधही आहे, आणि त्याच्या मागची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४-६५ साली कॅनडातली एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन परतली. माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल हे शास्त्रज्ञ त्या नमुन्यांवर काम करत होते. अखंड पंजाबातल्या खुशाब इथे जन्मलेल्या आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या सेहगल यांनी त्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९७२ साली नवे द्रव्य वेगळे केले. बेटाच्या स्थानिक नावावरून, रापा नुईवरून, त्याला रापामायसिन म्हणू लागले. १९८३ च्या सुमारास कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा सेहगल यांनी जिवाणू टाकून न देता घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले आणि अमेरिकेला जाताना सोबत नेले. १९९९ साली हेच द्रव्य सिरोलिमस या नावाने मूत्रपिंड रोपणाच्या रुग्णांसाठी औषध म्हणून मान्य झाले. २०१२ साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी ते या आजाराच्या आठ वर्षांच्या मुलीला कमी मात्रेत दिले. तिचे फुगवटे आकसले आणि रक्तस्राव थांबला. तेव्हापासून अनेक देशांत शस्त्रक्रियेआधी हेच औषध देऊन बघतात.

ते का लागू पडते, हे २०१७ साली स्पष्ट झाले. या रुग्णांच्या फुगवट्यांमधल्या पेशींत ‘टेक’ नावाच्या जनुकात बदल आढळला. शिरांच्या अस्तराला ‘वाढ’ असा निरोप देणारे प्रथिन त्या बदलामुळे सतत चालूच राहते. सिरोलिमस त्या निरोपाची पुढची वाट अडवते. पण ते बंद केले की रक्त पुन्हा जाऊ लागल्याचे अनेकांत दिसते. तोंडात व्रण येतात, संसर्गाचा धोका वाढतो, रक्तातले औषधाचे प्रमाण वेळोवेळी मोजावे लागते. जखम भरून येण्यातही हे औषध अडथळा आणते, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे ते थांबवतात. औषध की शस्त्रक्रिया, असा हा झगडा नाही. फुगवटे किती आणि कुठे आहेत, मुलाचे वय काय, घर औषधाच्या तपासण्या सांभाळू शकेल का, यावर निर्णय ठरतो. माझ्या मते शेवटचा मुद्दा पहिल्या दोन मुद्द्यांइतकाच वजनदार आहे.

सोलापुरात १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदानाची पहिली आणि सर्वांत मोलाची पायरी इथेच, किंवा त्याही आधी गावातच ओलांडता येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. पथकातल्या डॉक्टरांनी फिक्या मुलाचे मोजे काढायला लावून तळपाय बघितला, तोंड उघडून जीभ बघितली, तर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. निळा फुगवटा आणि परत परत घसरणारे हिमोग्लोबिन एकाच मुलात दिसले, तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन वर पाठवावे. तोवर लोह तोंडावाटे न देता शिरेतून देण्याचा विचार व्हावा, म्हणजे रक्ताच्या बाटल्या कमी लागतील.

निदान झाल्यावर आई हमखास दोन प्रश्न विचारते. माझ्या गरोदरपणात काही चुकलं का, आणि दुसऱ्या लेकरालाही हे होईल का? दोन्हींचे उत्तर आता ठामपणे देता येते. जनुकातला हा बदल आई-बापांकडून आलेला नसतो. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत तो आपोआप घडतो आणि त्या पेशीपासून झालेल्या पेशींपुरताच राहतो. आईने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. भावंडांना हा आजार होण्याची भीती बाळगण्याचे कारण नसते. मात्र घरात दोन-तीन पिढ्यांत वारंवार घोणा फुटत असेल आणि ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर लाल ठिपके असतील, तर तो आनुवंशिक असा वेगळाच आजार असतो. तिथे प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मुलाच्या कागदावर हिमोग्लोबिन लिहिताना शेजारी आणखी एक ओळ लिहावी : घरात कुणाला असे काही आहे का, हे विचारले, आणि काय उत्तर मिळाले.